वेल्सला २०२० मध्ये नवी संसद मिळालेली नाही
'लंडनने २०२० मध्ये वेल्सला नवी संसद दिली, इंग्रजी नाव हद्दपार झालं' असा मजकूर फिरतोय. दोन्ही दावे चुकीचे. वेल्सची राजधानी कार्डिफमधली ही लोकनियुक्त सभा (आधीचं नाव 'नॅशनल असेंब्ली') १९९९ पासून आहे. लंडनने तिच्याकडे सोपवलेल्या २० विषयांत लंडनला न विचारता कायदे करण्याचा अधिकार तिला २०११ च्या सार्वमताने मिळाला. ६ मे २०२० ला बदललं ते फक्त नाव, तेही सभेनेच केलेल्या कायद्याने. वेल्श भाषेतलं 'सेनेध कम्री' आणि इंग्रजी 'वेल्श पार्लमेंट' ही दोन्ही नावं अधिकृत आहेत. सदस्यांच्या नावामागे इंग्रजीत लागणारं 'एएम' (असेंब्ली मेंबर) जाऊन 'एमएस' (मेंबर ऑफ द सेनेध) आलं. साठही माणसं तीच राहिली. त्याच कायद्याने या सभेच्या निवडणुकीत सोळाव्या वर्षी मतदानाचा हक्क दिला. खरी बातमी ती, पण ती कोण फॉरवर्ड करणार!