रेव्ह लिमिटर फक्त नवशिक्यांसाठी नसतो : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. ड्रॅग रेसिंगसाठी (सरळ पट्ट्यावर, उभ्या गाडीने सुटायची शर्यत) इग्निशन बॉक्स (प्लगची ठिणगी घडवणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) कसा निवडावा, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया लिहिली आहे. तुमचे आक्षेप थोडक्यात असे : बॉक्स ठिणगीच्या ताकदीवर निवडावा, मी मात्र निम्मा लेख लिमिटरवर, म्हणजे इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) ठरावीक मर्यादेवर रोखणाऱ्या सोयीवर घालवला. कान तयार असलेल्या चालकाला लिमिटर लागत नाही. लिमिटरवर इंजिन फाडफाड वाजतं, त्यानेच त्याचं जास्त नुकसान होतं. आणि टू-स्टेप (सुटण्याआधी इंजिन ठरवलेल्या आरपीएमवर धरणारा दुसरा लिमिटर) म्हणजे प्रेक्षकांसाठी केलेला आवाज. गाडीचीही माहिती तुम्ही दिली आहे : कार्ब्युरेटरचं व्ही-८, मॅग्नेटिक पिकअपचा (ठिणगीची वेळ कळवणाऱ्या चुंबकीय सेन्सरचा) डिस्ट्रिब्युटर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ट्रान्सब्रेक (बटणाने गिअरबॉक्स अडवून गाडी जागेवर धरणारी सोय) नाही, गिअर ६८०० आरपीएमला बदलता, पुढे नायट्रस (जास्त ताकदीसाठी इंजिनात सोडायचा वायू) बसवायचा विचार आहे. या माहितीमुळे उत्तर नेमकं देता येतंय, त्याबद्दल आभार.

ठिणगीबद्दल तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. चार-स्ट्रोक व्ही-८ मध्ये क्रँकच्या एका फेऱ्यात चार ठिणग्या पडतात. तुमच्या ६८०० आरपीएमला त्या सेकंदाला साधारण ४५३ होतात, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये २.२ मिलिसेकंद. आठ सिलिंडरना एकच कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारं वेटोळं) असेल, तर साध्या इंडक्टिव्ह इग्निशनमध्ये, म्हणजे ऊर्जा कॉइलमध्येच साठते तिथे, एवढ्या वेळात ती पुरती भरत नाही आणि वरच्या आरपीएमला ठिणगी मरगळते. कपॅसिटर डिस्चार्ज बॉक्स तिथेच उपयोगी पडतो. तो बॅटरीच्या १२ व्होल्टचे साडेचारशे-पाचशे व्होल्ट करून कपॅसिटर भरतो आणि एका झटक्यात कॉइलमध्ये रिकामा करतो. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४८० व्होल्टला भरला की ११५ मिलिजूल ऊर्जा होते, आणि तो पुन्हा भरायला फारच थोडा वेळ लागतो. त्यामुळे वरपर्यंत ठिणगी तितकीच जोरकस राहते.

पण इथून पुढे आपले रस्ते वेगळे होतात. मिश्रण पेटलं की ठिणगीचं काम संपलं. योग्य प्रमाणातलं, स्थिर मिश्रण पेटायला एका मिलिजूलपेक्षाही कमी ऊर्जा पुरते. उरलेली सगळी ऊर्जा प्रतिकूल परिस्थितीसाठी राखीव असते : सिलिंडरमधला वाढलेला दाब, आतली घुसळण, ओलसर झालेला प्लग, जास्त पेट्रोल. तुमचं इंजिन वरपर्यंत मिस न होता चालत असेल, तर ११५ ऐवजी १५० मिलिजूलचा बॉक्स लावून एकही हॉर्सपॉवर वाढणार नाही. सुपरचार्जर किंवा मिथेनॉल असतं तर मीही ठिणगीच आधी पाहिली असती. बॉक्सच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेली मल्टिपल स्पार्कची गोष्टही तशीच. एका ज्वलनासाठी अनेक ठिणग्या देण्याचं काम बहुतेक बॉक्स साधारण ३००० आरपीएमपर्यंतच करतात, कारण त्याच्या वर तेवढा वेळच उरत नाही. आयडलला आणि रांगेत थांबलेलं असताना इंजिन स्वच्छ चालतं, हा खरा फायदा आहे. शर्यतीतल्या वेगाशी त्याचा संबंध नाही.

चांगल्या कंपन्यांच्या बॉक्समध्ये ठिणगी पुरेशीच असते. फरक पडतो तो लिमिटर कसा आहे यात. म्हणून निम्मा लेख.

कान तयार असलेल्या चालकाची गोष्ट घेऊ. गिअर वेळेवर बदलायला कान, नजर, शिफ्ट लाइट पुरे आहेत. तिथे लिमिटरचं काहीच काम नाही. त्याचं काम पडतं ते पूर्ण थ्रॉटलवर असताना ड्राइव्हशाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट तुटतो, गिअरबॉक्स न्यूट्रलला जातो किंवा मागची चाकं एकदम पकड सोडतात तेव्हा. इंजिनावरचा भार क्षणात जातो, पाय मात्र अजून पेडलवरच असतो. काहीतरी बिघडलंय हे कळून पाय उचलायला निष्णात माणसालाही सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो, आणि मोकळं सुटलेलं इंजिन तेवढ्यात हजार-दीड हजार आरपीएम सहज चढतं. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा जडत्वाचा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६८०० चे ८२०० झाले की आरपीएम वाढले २१ टक्के, पण रॉडच्या बोल्टवरचा ताण जवळजवळ ४५ टक्क्यांनी वाढला. त्याच सुमारास व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमची साथ सोडतात आणि उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतो. हे वाचवणं कितीही अनुभवी चालकाच्या हातात नाही. जितकं ताकदवान इंजिन, तितकी ती वेळ कमी मिळते.

लिमिटर काय वाचवू शकत नाही, तेही सांगितलं पाहिजे. वेगात असताना चुकून खालचा गिअर पडला, तर इंजिनाला चाकंच फिरवत असतात. ठिणगी तोडून तिथे काहीही होत नाही.

आता फाडफाड आवाज. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंधन तोडता येत नाही, त्यामुळे लिमिटर ठिणगीच तोडतो. ज्या सिलिंडरची ठिणगी गेली, त्यातलं न जळलेलं मिश्रण तापलेल्या एक्झॉस्टमध्ये जातं आणि तिथे पेटतं. तो स्फोट पाइपात होतो, पिस्टनच्या डोक्यावर नाही. नॉकिंगशी, म्हणजे सिलिंडरच्या आत मिश्रण आपोआप भडकण्याशी, त्याची गल्लत करू नका. पण तुमच्या तक्रारीत तथ्य आहे, आणि ते बॉक्सच्या निवडीशीच जोडलेलं आहे. काही साधे लिमिटर मर्यादा आली की सगळ्या ठिणग्या एकदम बंद करतात आणि आरपीएम खाली आल्यावर एकदम सुरू करतात. गाडीला प्रत्येक वेळी हिसका बसतो, आणि तो अख्ख्या ड्राइव्हलाइनला सोसावा लागतो. चांगला लिमिटर एकेक सिलिंडर वगळतो आणि तेही आळीपाळीने. एकच सिलिंडर पुन्हा पुन्हा वगळला गेला तर त्यात पेट्रोल साचतं, प्लग भिजतो, भिंतीवरचं तेल धुऊन निघतं. म्हणून बॉक्स घेताना मिलिजूलच्या आधी हे विचारा : ठिणगी एकदम तुटते की आळीपाळीने? मर्यादा कशी ठरवायची : जुन्या पद्धतीच्या प्लग-इन चिपने की डायलने? डायलवर शंभर-शंभरच्या टप्प्याने बदल करता येतो, आणि शर्यतीच्या दिवशी खिशात चिपांची डबी बाळगावी लागत नाही.

नायट्रस लावणार असाल तर हा मुद्दा आणखी गंभीर होतो. लिमिटरने ठिणगी तोडली आणि नायट्रस मात्र वाहत राहिला, तर न जळलेलं मिश्रण साचून मोठा बॅकफायर होऊ शकतो, मॅनिफोल्ड फुटण्याइतका. नायट्रसला आरपीएमचा विंडो स्विच (ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच नायट्रस चालू ठेवणारा) लावा आणि तो लिमिटरच्या आधीच नायट्रस बंद करेल असा ठेवा. शिवाय नायट्रस चालू असताना टायमिंग मागे घ्यावं लागतं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा द्यावी लागते. दर ५० हॉर्सपॉवरला साधारण २ अंश, हा प्रचलित ठोकताळा आहे. त्यामुळे रिटार्डची (टायमिंग मागे घेण्याची) सोय असलेला बॉक्स आत्ताच घेतलात, तर वर्षभराने दुसरा घ्यावा लागणार नाही.

टू-स्टेपला तुम्ही प्रेक्षकांसाठीचा आवाज म्हणता, ते मला अजिबात पटत नाही. ट्रान्सब्रेकच्या गाडीत बटण दाबून पूर्ण थ्रॉटल दिला की टू-स्टेप इंजिनाला ठरवलेल्या आरपीएमवर धरून ठेवतो, आणि बटण सोडताच ट्रान्सब्रेक व टू-स्टेप दोन्ही एकदम सुटतात. प्रत्येक लाँच त्याच आरपीएमवरून होतो. ब्रॅकेट रेसिंगमध्ये आपली वेळ आधी जाहीर करावी लागते आणि त्याहून जोरात गेलात तर बाद होता. तिथे दर वेळी सारखी सुटणारी गाडी जिंकते. मात्र तुमच्याकडे ट्रान्सब्रेक नाही, ब्रेक पेडलवर गाडी धरून सुटता. मग टू-स्टेपची मर्यादा ब्रेक जिथे हार मानतात त्याच्या खालीच ठेवावी लागेल, आणि फायदा त्या प्रमाणात कमी होईल. तरीही पायाच्या अंदाजापेक्षा तो बरा.

तुमच्या गाडीसाठी माझं मत स्पष्ट आहे. एमएसडी या कंपनीच्या साध्या डिजिटल ६एएल बॉक्समध्ये एकच मर्यादा मिळते, ६एएल-२ मध्ये टू-स्टेप आतच असतो, आणि त्याच्या प्रोग्रॅमेबल प्रकारात रिटार्डही करता येतो. नायट्रसचा विचार पक्का असेल तर हा तिसरा घ्या. दुसऱ्या कंपनीचा घेतलात तरी लिमिटर, टू-स्टेप आणि रिटार्ड हेच तीन गुण पाहा.

बसवताना जाड लाल आणि काळी वायर थेट बॅटरीवर न्या. असा बॉक्स दर हजार आरपीएमला साधारण ०.७ अँपिअर ओढतो, म्हणजे तुमच्याकडे जवळपास ५. पिकअपच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन प्लगच्या वायरींपासून लांब न्या, आणि त्या उलट्या जोडू नका. उलट्या जोडल्या तर टायमिंग भरकटतं आणि दोष मात्र बॉक्सला दिला जातो. प्लगला स्पायरल कोअर (आत बारीक तार गुंडाळलेल्या) वायरीच लावा, नुसत्या तांब्याच्या नकोत. टॅकोमीटर कॉइलवर नको, बॉक्सच्या टॅक आउटपुटवर जोडा. मास्टर कटऑफ (गाडीची सगळी वीज तोडणारा स्विच) ओढल्यावर इंजिन खरोखर बंद पडतं का तेही तपासा, कारण अल्टरनेटर चुकीच्या जागी जोडला असेल तर ते चालूच राहतं.

मर्यादा ७१०० ठेवा, अर्थात व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तेवढ्या आरपीएमला टिकणाऱ्या असतील तर. पण पहिल्याच दिवशी ७१०० नको. बॉक्स आठ सिलिंडरवर लावलेला आहे याची खात्री करा, मर्यादा ३००० वर आणा आणि गाडी उभी असताना हळूहळू रेस द्या. टॅकोमीटरवर ३००० च्या आसपास लिमिटर लागला तर जोडणी बरोबर आहे. भलत्याच आकड्याला लागला तर सिलिंडरची सेटिंग आणि पिकअपची वायर पुन्हा तपासा, आणि तो आकडा इथे कळवा.