क्रिकेट ०७ अजून डिलीट का केला नाही

लॅपटॉप बदलला की मी आधी दोन गोष्टी टाकून घेतो. मराठी टायपिंगचा कीबोर्ड आणि ईए स्पोर्ट्‌सचा क्रिकेट ०७. ऑफिसातल्या पोरांना याचं लई हसू येतं. टॉवेलच्या निर्यातीचे कागद करणारा, पस्तिशीला टेकलेला माणूस दुपारी डबा संपवून २००६ सालचा गेम खेळत बसतो, म्हणजे याचं काहीतरी बिनसलंय असं त्यांना वाटतं. परवा एकजण म्हणाला, "सर, नॉस्टॅल्जिया ओ, दुसरं काय." त्याला तिथं उत्तर दिलं नाही, कारण कंटेनर सुटायचा होता. इथं देतो.

नॉस्टॅल्जियाच असता तर त्याच कंपनीचा क्रिकेट २००२ पण मला आजही गोड लागायला हवा होता. तोही सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळलोय. मध्यंतरी शोधून परत लावला. अर्धी इनिंगसुद्धा होईना. म्हणजे जुनं आहे एवढ्यानं काही टिकत नाही. दुसरं म्हणजे माझा पुण्याचा भाचा. (आमच्याकडची निम्मी पोरं पुण्यातच असतात, त्याला इलाज नाही.) तो सातवीत आहे. हा गेम आला तेव्हा त्याच्या आईचं लग्नही झालं नव्हतं. त्याच्या फोनवर क्रिकेटचे चकचकीत गेम आहेत, तरी सुट्टीत सोलापूरला आला की चपला काढायच्या आत विचारतो, "मामा, लॅपटॉप कुठंय?" त्याला कसला आलाय नॉस्टॅल्जिया?

माझं म्हणणं एवढंच आहे की तो गेम मुळात चांगला होता, आणि कंपनीनं तो वाऱ्यावर सोडला म्हणून आणखी चांगला झाला. हे दुसरं वाक्य उलटं वाटेल. त्याकडे येतो, पण आधी पहिलं.

दोघं एकाच स्क्रीनपुढं बसलेत असं समजा. एकाकडे कीबोर्ड, दुसऱ्याकडे स्वस्तातला यूएसबी गेमपॅड, ज्याचं एक बटण दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही. बोलिंग करणारा खेळपट्टीवर टप्प्याची खूण सरकवतो. आता गंमत अशी की ती खूण बॅट्समनलाही दिसते. लपवायला काही नाहीच. मग बोलर काय करतो? रनअप सुरू झाला तरी खूण निवांत ऑफ स्टंपच्या बाहेर ठेवतो. बॅट्समनचं बोट कव्हर ड्राइव्हच्या तयारीत. आणि शेवटच्या क्षणी खूण झपकन आत, थेट बुंध्यात. किंवा तसं करणार असं भासवून तिथंच ठेवतो. समोरचा माणूस फसतो तो कॉम्प्युटरला नाही, शेजारी मांडीला मांडी लावून बसलेल्या मित्राला. माझा एक मित्र खूण सरकवायच्या आधी श्वास रोखायचा. हे मला कळलं त्या दिवसापासून तो मला बोल्ड करू शकला नाही, आणि त्याला कारण आजतागायत सांगितलेलं नाही. आता वाचेल.

बॅटिंगला बटणं मोजकी. दिशा, पुढचा पाय की मागचा, जमिनीवरून की उचलून, आणि टायमिंग. बॅट्समनचा आत्मविश्वास दाखवणारी पट्टी असते. आल्या आल्या उचलून मारायला गेलात की झेल, थोडं टिकलात की तोच फटका सीमेपार. एवढंच सगळं. पण एका बॉलमागे एक छोटा जुगार आहे, दोन सेकंदांत निकाल लागतो आणि लगेच पुढचा बॉल येतो. तीन चुकीचे बॉल गेले तर दोष स्वतःच्या बोटांना द्यावा लागतो. क्रिकेटमधलं सगळं यात नाही, पण क्रिकेट बघताना आपण ज्याच्यासाठी खुर्चीच्या कडेला सरकून बसतो तेवढं नेमकं आहे.

नव्या गेमना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. ऑस्ट्रेलियातल्या बिग अँट स्टुडिओजचा डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ आला तेव्हा मी थक्क झालो होतो. क्रिकेट २४ मध्ये बॉल बॅटची कड घेऊन स्लिपकडे जातो तो खऱ्यासारखा जातो. पण ते शिकावे लागतात. रात्री साडेनऊला घरी आलेल्या माणसाला आणखी एक शिकवणी नको असते.

आता वाऱ्यावर सोडण्याचं.

क्रिकेट ०७ बाजारात आला नोव्हेंबर २००६ मध्ये. बनवला कॅनडाच्या एचबी स्टुडिओजनं. मुखपृष्ठावर अँड्र्यू फ्लिंटॉफ, कारण त्याच महिन्यात ॲशेस, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची कसोटी मालिका, सुरू होत होती आणि गेमचा सगळा थाट ॲशेसचा होता. आदल्या २००५ च्या मालिकेतले प्रसंगही खेळायला दिले होते, म्हणजे इंग्लंडनं दोन धावांनी जिंकलेली एजबॅस्टनची कसोटी तुम्ही फिरवू शकत होता. प्रत्यक्षात काय झालं? फ्लिंटॉफ कॅप्टन आणि इंग्लंड ०-५ नं सपाट. मुखपृष्ठाला इतक्या लवकर तोंड लपवावं लागलेला दुसरा गेम माझ्या माहितीत नाही.

खेळाडूंची खरी नावं वापरायचा परवाना पण प्रामुख्यानं इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचाच. भारताच्या टीममध्ये चेहरे आणि बॅटिंगची ढब ओळखीची, पण नावं मोडतोड केलेली. आम्हाला मिळाली ती सीडी तर मार्करनं नाव लिहिलेली, खोक्याशिवायची. पहिल्या संध्याकाळी आम्ही मॅच खेळलोच नाही. एकेक खेळाडू उघडून नाव दुरुस्त करत बसलो. अकरा जणांची टीम आपल्या हातानं टाइप केली की ती टीम आपली होते, हे कंपनीला कदाचित सुचलंही नसेल.

आणि मग ईएनं क्रिकेटच सोडलं. क्रिकेट ०७ नंतर त्यांनी पीसीसाठी मोठा क्रिकेट गेम काढला नाही. २००८ ला आयपीएल आली, आख्ख्या देशाला वेड लागलं, आणि गेममध्ये मात्र इंग्लंडचे काउंटी संघ, म्हणजे तिकडचे स्थानिक. तेव्हा कुठल्या कुठल्या गावची पोरं बसली आणि त्यांनी काउंटी संघांच्या जागी चेन्नई, मुंबई, कोलकाता बसवले. जर्सी बदलल्या, बॅटवरचे स्टिकर बदलले, टीव्हीवरच्यासारखा स्कोअरबोर्ड आणला, नवी मैदानं घातली. फुकट. आजही दर मोसमाला नवा पॅच, म्हणजे गेमवर चढवायचे असे बदल, येतो. निवृत्त झालेला उडतो, काल पदार्पण केलेला दिसतो. कंपनीचा हात डोक्यावर असता तर दरवर्षी नवा गेम विकायला आला असता आणि जुन्यावर कुणी रात्री जाळल्या नसत्या.

याच्या उलट काय होतं तेही बघा. फुटबॉलच्या गेमसाठी फिफाचं नाव वापरायचा करार संपला, आणि २०२३ मध्ये त्याच ईएनं फिफा नावाचे जुने गेम ऑनलाइन दुकानांतून उतरवले. परवाने भारी, सगळी नावं खरी, पण विकत घ्यायलाच मिळत नाही. आमच्या खोट्या नावांच्या गेमला कोण उतरवणार? तो दुकानात नाहीच, लोकांच्या पेनड्राइव्हवर आहे.

आमच्या पोरांची एक टोळी होती. दहावीची परीक्षा दिलेली, मार्च २००७. वेस्ट इंडिजमध्ये वर्ल्ड कप. १७ तारखेला बांगलादेशकडून हरलो, २३ ला श्रीलंकेकडून ६९ धावांनी, आणि पहिल्याच फेरीत घरी. तेव्हाचं सुतक ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पूर्व भागात एका मित्राच्या घरी कॉम्प्युटर होता. घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी. भिंतीपलीकडे वडिलांचे यंत्रमाग. त्या खटखटीत कॉमेंट्री ऐकू यायची नाही म्हणून स्पीकर पूर्ण मोठा, आणि त्यावर आई आतून ओरडणार. त्या खोलीत भारतानं तो वर्ल्ड कप किती वेळा जिंकला याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

मे महिना, पारा बेचाळीसच्या पुढं, आणि भारनियमन. वेळापत्रक असायचं, पण वीज त्याचं ऐकायचीच असं नाही. लाइट गेली की यूपीएस पीं पीं करायला लागायचा आणि बॅटिंग करणाऱ्याच्या अंगात यायचं. "हाण की बे, बंद पडतंय!" यूपीएस मान टाकायच्या आत धावा काढायच्या म्हणून आम्ही असले फटके मारलेत की विचारू नका. पन्नास ओव्हरची मॅच पुरी होणं अशक्यच, म्हणून वीस ओव्हरची खेळायचो. गेममध्ये ती सोय होती. भारतानं आपला पहिला आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० सामना खेळला १ डिसेंबर २००६ ला, जोहान्सबर्गमध्ये. म्हणजे गेम त्याच्याही आधीचा. सप्टेंबर २००७ मध्ये धोनीची टीम त्याच जोहान्सबर्गला पाकिस्तानला पाच धावांनी हरवून कप घेऊन आली तेव्हा सगळा देश म्हणत होता, हे काय नवीन! आमची प्रॅक्टिस मे महिन्यातच झाली होती.

गेममध्ये खोडी आहेत, भरपूर आहेत. एकदा ठरावीक टप्प्याला ठरावीक फटका सापडला की कॉम्प्युटर फील्ड लावायलाच विसरतो आणि तुम्ही चौकारामागे चौकार घेत बसता. नव्या गेममध्ये अशी खोट सापडली तर कंपनी अपडेट पाठवून बुजवते. इथं बुजवणारं कोणी नाही. मग आम्हीच कायदे केले. तो फटका ओव्हरमध्ये एकदाच. दुसऱ्यांदा मारला तर आऊट, स्वतःहून पुढं येऊन स्टंपिंग करून घ्यायचं. बोळात 'एक टप्पा आऊट' आणि 'गच्चीत गेला तर मारणारा आणणार' हे नियम होतात ना, तसेच हे झाले. त्यावरून भांडणं झाली, एकदा गेमपॅडही भिरकावला गेला. दुसऱ्या गल्लीतली पोरं खेळायला आली की आधी नियमांची बोलणी. त्यांच्याकडं बाउन्सरवरचा पुल बंद होता, आमच्याकडं चालू. अर्धा तास त्यातच जायचा. बोळातलं क्रिकेट पोरं मोठी होईतो टिकतं ते रबरी बॉलच्या दर्जामुळं टिकत नाही.

कॉमेंट्री मार्क निकोलस आणि रिची बेनो यांची. तीच तीच वाक्यं इतकी ऐकली की त्यांच्या आधी आम्हीच म्हणायचो. आमचं निम्मं इंग्रजी तिथलं. बेनो २०१५ मध्ये गेले. पण आमच्या टीममुळं त्यांच्या बाबतीत एक चमत्कारिक प्रकार घडतो, तो सांगायलाच हवा.

पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मले, २८ मार्च १९२६ ला. कसोटीत द्विशतक काढणारा पहिला भारतीय, १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३. गावात कुणालाही विचारा, चादर सांगतील, शेंगा चटणी सांगतील, गड्डा यात्रा सांगतील. उम्रीगर फार थोडे सांगतील. ७ नोव्हेंबर २००६ ला ते गेले, म्हणजे हा गेम आला त्याच महिन्यात. पेपरात बातमी वाचून मित्राच्या वडिलांनी माग बंद करून आम्हाला उम्रीगर कोण ते सांगितलं होतं. पुढं सीडी हातात आली आणि नावं टाइप करायला बसलो, तेव्हा सहाव्या नंबरवर पी. उम्रीगर आलाच. बॅटिंग चांगली, ऑफस्पिनपण टाकतो.

आता १९५९ चा डिसेंबर आठवा. कानपूर. भारतानं ऑस्ट्रेलियाला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. जसू पटेलनं चौदा विकेट घेतल्या आणि दुसऱ्या डावात त्याला साथ दिली उम्रीगरनं, चार विकेट. हरलेल्या संघाचे कॅप्टन रिची बेनो. आणि माझ्या लॅपटॉपवर उम्रीगर ऑस्ट्रेलियाची विकेट काढतो तेव्हा त्याचं वर्णन बेनोच करतात, तेही अगदी तटस्थपणे, समोर कोण आहे याची गंधवार्ता नसताना. असली मजा पैसे देऊन कुठल्या कंपनीकडून बनवून घेणार?

ऑफिसातल्या त्या पोराला हे सगळं कितपत पटेल ठाऊक नाही. त्याला म्हटलंय, शनिवारी अर्धा दिवस असतो, बस माझ्यासमोर पाच ओव्हर. पुलचा नियम आधीच सांगून ठेवतो, नंतर कटकट नको.

भाच्याचं वेगळंच चाललंय. दिवाळीला येतोय, आणि फोनवर आत्ताच अट घातलीये की या वेळी टीम पाडताना उम्रीगर त्याच्याकडं पाहिजे. माझ्या आईनंही त्याचीच बाजू घेतली, लहान आहे, दे की. नाही म्हणून सांगितलंय. कोहली घे, बुमरा घे, वाटलं तर दोन्ही घे. सोलापूरचा माणूस पुण्याच्या टीमला मिळणार नाही.