दारासिंगांचं नाव सांगून पोरांना डोक्यावर उचलून आपटायला लावू नका

निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत तालमींच्या ग्रुपवर दारासिंगांवरचा एक मेसेज फिरतोय. तो मामेभावानं पाठवला आणि खाली विचारलं, "धाकट्याला हे सुरू करू काय?" धाकटा चौदा वर्षांचा, वजन ४५ किलो. म्हणून आज उत्तर लिहावंच लागतंय.

मेसेजचं म्हणणं असं: दारासिंग पाचशे कुस्त्या खेळले आणि एकही हरले नाहीत. ऑलिंपिक पदक त्यांचं, हिंदकेसरीही तेच. २०० किलोच्या किंग काँगला त्यांनी डोक्यावर उचललं, गरगरा फिरवलं आणि रिंगबाहेर फेकलं. हीच खरी कुस्ती, तालमीत पोरांकडून रोज करून घ्या. कुस्ती संपल्यावर पोटासाठी सिनेमात गेले. खुराक रोज १०० बदाम आणि अर्धा किलो तूप.

सगळ्यात घातक आहे ते उचलून फेकणं, म्हणून ते आधी.

किंग काँग हे हंगेरीत जन्मलेल्या एका अवाढव्य मल्लाचं रिंगमधलं नाव. दारासिंगांचं वजन सव्वाशे किलोच्या आसपास. प्रचंड ताकदीचा माणूस, यात वाद नाही. पण जिवंत माणूस म्हणजे लोखंडाची दांडी नव्हे. त्यानं अंग ढिलं सोडलं, कंबर मागं खेचली, पाय रोवले, तर त्याच्या निम्म्या वजनाचा गडीसुद्धा खांद्यावर येत नाही. व्यावसायिक रिंगमध्ये, म्हणजे तिकीट लावून दाखवायच्या कुस्तीत, वर जाणारा स्वतः उडी घेतो, उचलणाऱ्याच्या खांद्यावर हात टेकून आपलं वजन तोलतो. खाली येतानाही तो शिकलेला असतो: हनुवटी छातीला चिकटवायची, श्वास सोडायचा, दोन्ही हात बाजूला पसरून आपटायचे आणि अख्खी पाठ एकदम टेकवायची. म्हणजे मार एका जागी बसत नाही. रिंगच्या कापडाखाली गादी, तिच्याखाली फळ्या, आणि त्या फळ्या दबतात. हे पडणं शिकायलाच कित्येक महिने जातात.

आपल्या हौद्यात, म्हणजे तालमीतल्या मातीच्या आखाड्यात, यातलं काय आहे? माती चाळून, ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवलेली असली, तरी ती रोज खोऱ्यानं खणावी लागते. दोन दिवस खणली नाही की वर भुसभुशीत आणि खाली दगड. पाणी जास्त झालं तर पाय रुततो नि गुडघा पिळतो. अशा मातीत कुणी पाच-साडेपाच फुटांवरून सुटला की पोर घाबरून एक हात खाली टेकतं, आणि कोपर किंवा गळ्याजवळचं हाड जातं. हात टेकायला वेळ मिळाला नाही तर डोकं आधी लागतं आणि मागून अख्ख्या अंगाचं वजन मानेवर येतं. उचलणाऱ्याची कंबर धरते ती वेगळीच.

आपल्याकडं खांद्यावर घेण्याचा डाव नाही असं नव्हे. कलाजंग आहे. पण वस्ताद तो कसा शिकवतात बघा. समोरच्याचा दंड घट्ट ओढून डोकं त्याच्या बगलेखाली घालायचं, दुसरा हात मांड्यांमधून, गुडघा मातीला टेकलेला, आणि त्याच्या ओढीनंच त्याला बाजूला लोळवायचं. पडण्याची उंची गुडघ्याएवढी, नि डाव मारणारा त्याच्यासोबत खाली जातो. ढाकेतही तसंच, गडी कमरेवरून फिरतो आणि मारणारा त्याच्या अंगावर येतो. कारण निकाली कुस्तीत खांदे मातीला लावायचे असतात. माणूस आखाड्याबाहेर फेकून काहीच मिळत नाही. मॅटवरही पुलावर असलेल्या, म्हणजे डोकं नि पाय टेकून पाठ कमानीसारखी वर धरलेल्या गड्याला उचलून डोक्यावर आपटणं नियमाबाहेर आहे.

आणि असं कुणी पडलंच, हातपाय बधिर झाल्याचं किंवा मान दुखत असल्याचं म्हणालं, तर त्याला उठवून बसवू नका, मान चोळू नका, कडकड मोडू नका. डोकं आहे तसं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा.

आता पाचशे कुस्त्या आणि शून्य हार. २९ मे १९६८ ला मुंबईत दारासिंगांनी लू थेसला हरवून जागतिक विजेतेपद घेतलं. थेस हा अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीतला फार मोठा मल्ल, पकडींचा खरा जाणकार. त्यानंच नंतर सांगितलंय की दारासिंग अस्सल मल्ल होते, अंगानं उत्तम कमावलेले, आणि त्यांच्याकडून हरायला आपली काही हरकत नव्हती. हे शेवटचं वाक्य नीट वाचा. हरायला हरकत असणं-नसणं हा प्रश्न जिथं येतो, तिथं निकाल आधी ठरतो. व्यावसायिक कुस्ती जगभर अशीच चालते. म्हणून तिथला हार-जितीचा हिशेब येळ्ळूर किंवा आनंदवाडीच्या मैदानातल्या कुस्त्यांना लावता येत नाही. पण त्याच साक्षीतून एवढं मान्य करायला हवं की माणूस पोकळ नव्हता. कच्च्या गड्याला थेसनं असं प्रमाणपत्र दिलं नसतं.

ऑलिंपिकचं तर सरळ खोटं आहे. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य जिंकलं ते खाशाबा जाधवांनी, कराडजवळच्या गोळेश्वरच्या. पैसे घेऊन लढणाऱ्या व्यावसायिक मल्लांना तेव्हा ऑलिंपिकचं दार बंद होतं. दारासिंगांचा १९५४ चा किताब रुस्तम-ए-हिंद, हिंदकेसरी नव्हे. १९५९ चे हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, आणि ते आपल्या चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. एकसंब्यापासून तासाभरावर राहणारी माणसं हा मेसेज पुढं ढकलतात, याचा मला खरंच राग येतो.

सिनेमा कुस्ती संपल्यावर आला, हेही चूक. 'किंग काँग' नावाचा चित्रपट १९६२ चा, 'फौलाद' १९६३ चा, आणि थेसची लढत त्यानंतरची. कुस्तीतून निवृत्ती १९८३ ला. म्हणजे वीस वर्षं दोन्ही एकत्र चाललं. मारुतीची भूमिकाही 'रामायण' मालिकेच्या आधी १९७६ च्या 'बजरंगबली'त त्यांनी केली होती.

खुराकाचं म्हणाल, तर मोठ्या मेहनतीला मोठा खुराक लागतो, हे खरं. पण अर्धा किलो तुपात सुमारे साडेचार हजार कॅलरी असतात. ४५ किलोच्या पोराला ते पचणार नाही, जुलाब होतील नि दुसऱ्या दिवशीचे जोर-बैठका बुडतील. धाकट्याला दूध, भाकरी, डाळ, अंडी आणि मूठभर भिजवलेले बदाम द्या. डाव कुठला शिकायचा ते त्याच्या वस्तादांना ठरवू द्या.