उत्तर लांब आलं म्हणून माणूस उद्धट ठरत नाही

रेल्वेवेड्यांच्या आमच्या एका मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटातून मध्यंतरी एका मुलाला काढून टाकलं. कोणीतरी डेक्कन क्वीनचा फोटो टाकून ‘1930 पासून हीच गाडी, हाच थाट’ असं लिहिलं होतं. त्यावर या मुलाचे लागोपाठ चार मेसेज आले. मूळचे डबे 1966 मध्येच बदलले, पेरांबूरच्या कारखान्यातले आले. 2022 च्या जूनपासून एलएचबी, म्हणजे जर्मन रचनेचे नवे, डबे आहेत. तेव्हा ‘हीच गाडी’ म्हणणं बरोबर नाही. ‘वा मास्तर, अजून सांगा ना,’ असं एकाने तिरकस लिहिलं. मुलाला ती विनंती वाटली आणि त्याने आणखी सांगितलं. मग ‘शहाणपणा पाजळतो’, ‘दुसऱ्याला बोलूच देत नाही’ हे सुरू झालं आणि संध्याकाळपर्यंत तो गटाबाहेर होता.

नंतर वाद रंगला तो वेगळाच. ‘ऑटिस्टिक असेल बिचारा, समजून घ्या,’ असं काहीजण म्हणाले. (ऑटिझम म्हणजे स्वमग्नता: मेंदूची जन्मजात वेगळी घडण, ज्यात टोमणे किंवा सूचक बोलणं पटकन न कळणं असू शकतं.) बाकीचे म्हणाले, ‘सर्टिफिकेट आहे का? हल्ली सगळ्यांनाच काहीतरी असतं.’ मला या दोन्ही बाजू पटत नाहीत.

मी इंग्लंडमध्ये, यॉर्कला राहते. रेल्वेप्रेमाची इथली परंपरा मोठी आहे आणि त्या प्रेमाची टिंगलही तितकीच जुनी. फलाटाच्या टोकाला वही घेऊन इंजिनांचे नंबर टिपणाऱ्यांना त्यांच्या टोपीवाल्या जाकिटावरून ‘अनोरॅक’ म्हणून हिणवत. आता वारं उलटं फिरलंय. रेल्वेचं वेड म्हटलं की लोक परस्पर ऑटिझमचं निदान करून मोकळे होतात आणि ते सहानुभूतीच्या सुरात केलं म्हणून त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटत नाही. पण एकदा ‘तो तसा आहे’ असं ठरलं की तो काय म्हणतोय हे ऐकणं थांबतं. त्यातही बायकांना ऑटिझम असू शकतो हे तर कोणाच्या ध्यानातच येत नाही. ‘तू रेल्वेवेडी असलीस तरी नॉर्मल आहेस’ हे मला कौतुक म्हणून ऐकवलं जातं, आणि मला ते लागतं. माझ्या ओळखीच्या दोघींना ऑटिझमचं निदान चाळिशीनंतर मिळालं. तोवर त्या नुसत्या ‘विचित्र’ होत्या.

सर्टिफिकेटचा आग्रह कायद्यातून आलाय, हे मी समजू शकते. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यांत ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वस्थ बसणं अवघड जाण्याच्या स्थितीचं, नाव नाही. परीक्षेत जादा वेळ हवा तर कागद लागणारच. पण गप्पांच्या गटात माणसाशी नीट वागायला कागद कशाला? इथे ब्रिटनमध्येही निदानासाठी कित्येकांना वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं. त्या रांगेतल्या माणसाने तोवर टोमणे खात बसायचं का?

2017 मध्ये अमेरिकेत नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला, तो या वादात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऑटिस्टिक आणि इतर माणसांचं थोडंसं बोलणं अनोळखी लोकांना दाखवलं, ऐकवलं. पाहून किंवा ऐकून लोकांचं मत ऑटिस्टिक माणसांबद्दल चटकन प्रतिकूल झालं. त्याच बोलण्याचा नुसता लिहिलेला मजकूर वाचायला दिला, तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे आशयात खोट नव्हती. खटकत होतं ते बोलण्याचं वळण, आवाज, चेहरा.

मग लिखित गप्पा हा अशा माणसांचा आसरा असायला हवा. पुष्कळदा असतोही. कल्याण शेडच्या जुन्या इंजिनांवर रात्री दोन वाजता लिहिणाऱ्याला वाचणारा तिथेच भेटतो. पण आपण मराठी माणसं लिहितानाही तो आवाज, तो चेहरा परत आणतो. आपली जवळीक खेचाखेचीतून चालते. तिरकस बोललेलं कळलं तर तू आपला, नाही कळलं तर बाहेरचा. मलाही ही खेचाखेची प्रिय आहे, परदेशात तिची आठवण फार येते. तरी तीच कसोटी लावून आपण माणसं गाळतो, हे दिसत असताना गप्प बसवत नाही.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. ही न समजण्याची अडचण दुहेरी असते, असं त्यांनी 2012 मध्ये मांडलं. त्या मुलाला टोमणा कळला नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. चार मेसेजमध्ये त्याचा आनंद होता, आपल्याला जे ठाऊक आहे ते वाटून घेण्याची त्याची रीत होती, हे इतक्या जणांपैकी एकालाही कळलं नाही. त्या न कळण्याला मात्र कोणी दोष म्हणत नाही.

इंग्रजी चाहत्यांच्या गटांत गेल्या काही वर्षांत एक साधी पद्धत रुळली आहे. वाक्यापुढे तिरकी रेघ आणि एखादं अक्षर: हे गमतीने, हे उपरोधाने, हे मनापासून. ‘मग मस्करीतली मजाच गेली,’ असं आपल्याकडचे म्हणतात. थोडी जाते, खरंच. पण आमच्या गटात मी एवढंच मागितलंय: उपरोध असेल तर कंसात ‘गंमत’ लिहा, लांब माहितीसाठी वेगळा गट ठेवा, थांबायचं असेल तर ‘आता पुरे’ असं सरळ सांगा, आणि काढून टाकण्याआधी निदान एकदा त्या माणसाला खाजगीत विचारा. त्या मुलाला कोणी विचारलं नव्हतं. तो ऑटिस्टिक आहे की नाही हे मला माहीत नाही, आणि त्याला परत घ्या म्हणताना मला ते माहीत असण्याची गरजही वाटत नाही.