कळवायचं की मागायचं?

२०२५च्या ऑगस्टअखेर मराठा आरक्षणाचे आंदोलक आझाद मैदानावर आले आणि आमच्या नाशिकच्या शाळेच्या ग्रुपवर एकच वाक्य फिरू लागलं : "मुंबई वेठीस धरली." परवानगी पाच हजार माणसांना, एका दिवसाची होती. आले त्याच्या कितीतरी पट, राहिले पाच दिवस. म्युनिकमध्ये ते वाचताना मला २१ जानेवारी २०२४चा रविवार आठवत होता.

त्या महिन्यात 'करेक्टिव्ह' या शोधपत्रकारांच्या संस्थेने बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमच्या एका गुप्त बैठकीची बातमी फोडली होती. एएफडी या जर्मनीतल्या अतिउजव्या पक्षाचे काही लोक आणि इतर कट्टर उजवे तिथे जमले आणि परदेशी मुळांच्या माणसांना मोठ्या संख्येने देशाबाहेर घालवण्यावर बोलले, असं तीत होतं. ऑफिसातल्या मैत्रिणी निषेध मोर्चाला निघाल्या. "येतेस?" मला आधी आठवला व्हिसा. इथल्या राज्यघटनेचं आठवं कलम जमण्याचा हक्क 'सर्व जर्मनांना' देतं. पण सभांचा कायदा तो प्रत्येकाला देतो, हे एकीने मला जेवताना समजावलं. मी गेले.

म्युनिकच्या झीगेस्टोर कमानीपाशी मुंगीलाही वाट नव्हती. थंडीने माझ्या पुठ्ठ्याच्या फलकाची टेप सुटली, तर शेजारच्या अनोळखी आजींनी पर्समधून केसांचं रबर काढून ते काठीला घट्ट गुंडाळून दिलं. आयोजकांनी २५ हजार लोक येतील असं कळवलं होतं, पोलिसांच्याच अंदाजाने लाखभर आले. शेवटी गर्दीमुळे कार्यक्रम आवरता घेतला आणि आम्ही हळूहळू पांगलो. आकडा ओलांडला म्हणून कोणी आम्हाला गुन्हेगार म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

इथे मोर्चा जाहीर करण्याच्या ४८ तास आधी कळवायचं असतं. परवानगी मागायची नसते. मग वाहतूक वळवणं हे प्रशासनाचं काम. आपल्याकडे आधी हात पसरायचे, मग मैदानात पाणी आणि संडास नाहीत म्हणून भांडायचं, आणि शिव्याही आपणच खायच्या. एक दुपार आणि पाच दिवस यांत फरक आहे, मान्य. इथेही सगळं सरळ नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये बर्लिन पोलिसांनी पॅलेस्टाइनच्या बाजूच्या कित्येक सभांवर बंदी घातली. माझ्या त्याच मैत्रिणी तेव्हा गप्प होत्या, ते मला अजून खुपतं.

पण 'वेठीस' हा शब्द मला सोसवत नाही. २०१८च्या मार्चमध्ये आमच्याच नाशिकहून शेतकरी पायी मुंबईला गेले. सोललेल्या पायांनी सोमय्या मैदानात पोहोचले, आणि सकाळी दहावीच्या मुलांचा पेपर चुकू नये म्हणून रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालू लागले. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं. कोणी उत्तर दिलं नाही.

नंतर भाच्याचा फोन आला. कॉलेजच्या फीवाढीविरुद्ध मोर्चा आहे, पण वहिनी म्हणतात, गुन्हा नोंदला गेला तर पासपोर्टची पोलीस पडताळणी अडेल. "आत्या, तू तिकडे गेली होतीस ना? मी जाऊ?"

लाखभर लोकांत फलक धरून उभी राहिलेली मी त्याला "जा" म्हणू शकले नाही.