पंक्चर झाली व्हय?

डॉक्टर फक्त वजन कमी करा म्हणाले होते. सायकलचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. ते काढलं पुण्याच्या भाच्यानं. त्यानं मला एक व्हिडिओ पाठवला. फ्रान्समधल्या वाइनच्या मुलखातला रस्ता, दोन्ही अंगांना द्राक्षबागा, लांबवर चिटपाखरू नाही, आणि माझ्याच वयाचा पण माझ्या निम्म्या पोटाचा एक गृहस्थ शीळ घालत सायकल हाणतोय. खाली भाच्यानं लिहिलं होतं, "मामा, तुमच्या तर दारात बागा आहेत. पलूसला वाइन पार्कसुद्धा आहे!"

वाइन पार्क आहे, हे खरं. सरकारनं 2001 साली द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, त्यानंतर एमआयडीसीनं पलूसला ते उभं केलं. पण आमच्याकडचं द्राक्ष बाटलीत कमी आणि पेटीत जास्त जातं. पेटीत जे जात नाही ते शेडवर वाळून बेदाणा होतं आणि तासगावच्या सौद्यात जाऊन बसतं. एवढं भाच्याला कळवून मी विषय संपवायला हवा होता. त्याऐवजी मी 38 हजारांची सायकल घेतली.

सायकल घरी आली त्या संध्याकाळी सांगलीच्या विश्रामबागेतली अर्धी कॉलनी ती बघायला आली. शेजारच्या अण्णांनी तिच्याभोवती, जनावर विकत घेताना घालतात तशी, एक फेरी मारली.

"मडगार्ड?"

"नसतं याला."

"कॅरिअर?"

"नाही."

"स्टँड? घंटी?"

"नाही, अण्णा."

"मग 38 हजारांत दिलं काय?"

याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

रस्ता मात्र मी अभ्यास करून निवडला. तासगाव रस्त्यानं कवलापूरपर्यंत जायचं आणि तिथून आडवाटेनं मणेराजुरीच्या अंगाला वळायचं. खरं तर जिल्ह्यातला सगळ्यात निवांत डांबरी पट्टा कवलापुरातच आहे, तो म्हणजे बंद पडलेली विमानाची धावपट्टी. पण तिथं बाग नाही. महिनाही विचार करून ठरवला. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या येतात आणि सायकलवाल्यानं गटारातून जायचं असतं. म्हणून सप्टेंबरचा शेवटचा रविवार धरला. पाऊस ओसरलेला, ऊस उभा, रस्ता मोकळा. सप्टेंबरात वेलीवर एकही घड नसतो, ही गोष्ट माझ्या अभ्यासातून तेवढी सुटली. "जाताय तर येताना दोन किलो सोनाका द्राक्षं आणा," असं बायकोनं सांगितलं, तेव्हा मी हो म्हणालो होतो.

कवलापूर सोडलं आणि खरंच व्हिडिओतला रस्ता लागला. एकही गाडी नाही. तारांवर चढवलेल्या हिरव्यागार बागा, लांबवर डोंगराची निळी रेघ, आणि मी. मी शीळ घालायला तोंडाचा चंबू केला. तेवढ्यात बांधावरून आवाज आला.

"पंक्चर झाली व्हय?"

एक आजी शेळी धरून उभ्या होत्या. मी चालत्या सायकलवर होतो, दोन्ही चाकं फिरत होती. तरी डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर काळा चष्मा आणि गुडघ्याच्या वर चड्डी, अशा अवस्थेतला पन्नाशीचा माणूस सकाळी सायकलवर दिसतो म्हणजे त्याच्यावर काहीतरी बेतलेलं असणार, हा त्यांचा हिशेब होता.

"नाही, आजी. व्यायाम!"

"कुणाचा?"

फाट्यावर दूध घालून येणारा एक जण मोटारसायकल माझ्या बरोबरीनं चालवत दोन किलोमीटर आला. गाव कुठलं, नोकरी कुठली, किती पगार, मग गाडी का घेतली नाही, पोरं सांभाळत नाहीत का, असं त्यानं रीतसर विचारून घेतलं. चढ होता. तो एक हात मांडीवर ठेवून गप्पा मारत होता आणि मी एकेका शब्दाला एकेक श्वास मोजत होतो. पुढच्या वळणावर पारावरच्या चौघांनी मला थांबवून पाणी पाजलं. ठीक आहे. त्यापुढच्या वस्तीवर चहा पाजला. तोही ठीक. पण चहा पिताना माझ्या पॅड लावलेल्या चड्डीकडे बघत एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "मूळव्याधीचं आपरीशन झालंय का?" तेव्हा मात्र मी कप खाली ठेवला.

माझी अडचण तुमच्या लक्षात आली असेल. हायवेवर तुम्ही उलटे टांगून सायकल चालवा, कोणी काच खाली करत नाही. वाहनं जितकी कमी तितकी माणसाला तुमच्याकडे बघायला सवड जास्त. त्या फ्रेंच गृहस्थाला एकानंही का अडवलं नाही, याचा मी आजवर विचार करतोय. तिथं शेळ्या धरून आज्या उभ्या नसाव्यात.

चौकशांची संख्या बारावर गेली, तेव्हा मी "नाही हो, व्यायाम" हे उत्तर प्रश्न येण्याआधीच द्यायला लागलो. समोर माणूस दिसला की तोंडातून आपोआप निघायचं. एका बुजगावण्यालाही दिलं.

मणेराजुरी जवळ आली तसा एका बागेतून ट्रॅक्टरचा घरघराट ऐकू आला. ओळीच्या टोकाला ब्लोअर वळला आणि निळसर पांढरा फवारा बांध ओलांडून रस्त्यावर आला. मी मधोमध होतो. डोळे वाचले ते चष्म्यामुळं. बाकी चेहरा, दंड, सायकल आणि उघडं तोंड, सगळ्याला एकसारखा हात बसला.

"आवं आवं आवं!" ट्रॅक्टर बंद करून बागायतदार धावत आला. मला ड्रिपच्या पाईपखाली बसवून त्यानं धुतलं. "घाबरू नका. बोर्डो हाय. मोरचूद आणि चुना. छाटणी तोंडावर आली, पानं टिकवायला पायजेत ना. डावणी रोग लई हाय यंदा."

बोर्डो! बोर्दो म्हणजे तोच मुलूख, ज्याचा व्हिडिओ भाच्यानं पाठवला होता. मी चूळ भरत हे त्याला सांगितलं. त्याला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आमच्या भागातला द्राक्षवाला चर्चासत्रं ऐकून ऐकून अर्धा शास्त्रज्ञ झालेला असतो. तो म्हणाला, "तिकडं रस्त्याकडंच्या बागंत येणारीजाणारी द्राक्षं तोडून खायाची. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी कडंच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारला, दिसायला घाण दिसावा म्हणून. मग मिलार्दे नावाच्या प्राध्यापकानं बघितलं, तर कडंच्या वेलींवर डावणी न्हाई आणि आतल्या सगळ्या गेलेल्या. 1882 ची गोष्ट."

म्हणजे हे औषध मुळात रस्त्यानं जाणाऱ्यासाठीच काढलेलं. डावणीवर चालतं, हे नंतर कळलं. सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त काळ लोटला, पण मूळ कामात ते अजून चोख आहे.

त्यानं मला कोल्ड स्टोअरेजमधून आणलेला ओंजळभर बेदाणा दिला. वाइनची द्राक्षं त्यानंही एकदा लावली होती. "बारीक मणी, जाड साल, वर आत बी. माल घेणाऱ्यानं हात आखडला तर बाजारात कोण खाणार वो ते? काढून टाकली. परत सोनाका." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सोनाका न्यायाला आला असाल तर फेब्रुवारीत या."

परतीच्या वाटेवर बाभळीचा काटा लागला. 25 मिलिमीटर रुंदीचं टायर हे, काट्याला त्याची कसली तमा! हवा एका उसाशात गेली. मी उतरलो आणि सायकल ढकलत निघालो. स्टँड नसल्यामुळं ती टेकवून रडायचीही सोय नव्हती.

समोरून एक छोटा हत्ती आला. चालकानं वेग कमी करून मान बाहेर काढली.

"पंक्चर झाली व्हय?"

"नाही हो, व्यायाम," मी म्हणालो.

तो मान हलवून निघून गेला. माझ्या तोंडातून काय गेलं हे मला कळलं, तेव्हा टेम्पो वळणाआड झाला होता.

तीन किलोमीटरवर एक पंक्चरचं दुकान मिळालं. मालकानं चाक बघितलं, मग माझ्या निळ्या कानांकडे बघितलं. ट्यूबचा काटा तर त्यानं काढला, ठिगळही झकास लावलं. मग हवेची नळी घेतली आणि थांबला. "हा कसला वॉल?"

"फ्रेंच व्हॉल्व्ह म्हणतात त्याला." त्याच्यासाठी लागणारी पितळी टोपी माझ्याकडे होती. विश्रामबागेत, टीव्हीखालच्या खणात.

"आणि हवा किती?"

"नव्वद पौंड."

तो बराच वेळ गप्प राहिला. "ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला मी वीस-पंचवीस मारतो," तो शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. तालुक्यात त्या दिवशी फ्रान्सच्या दोनच वस्तू होत्या, एक माझ्या अंगावर आणि एक माझ्या चाकात, आणि दोन्हींनी मला पुरतं कामाला लावलं होतं.

तासाभरानं तोच छोटा हत्ती उलटा आला. आता मात्र मी दोन्ही हात पसरून रस्त्यात उभा राहिलो. चालक काही बोलला नाही. मागच्या रिकाम्या क्रेटवर सायकल आडवी टाकली आणि मला पुढं बसवलं. कवलापूरच्या अलीकडं समोरून आणखी एक जण आला. शिरस्त्राण, काळा चष्मा, पॅडची चड्डी, मडगार्ड नसलेली सायकल. चालकानं मान बाहेर काढली.

"पंक्चर झाली व्हय?"

"नाही, नाही, व्यायाम!" तो दमात ओरडला आणि पुढं गेला.

चालकानं ब्रेकवर पाय ठेवला आणि आरशात बघत माझ्याकडे वळला. "गाडी वळवू का? मघाशी तुमी बी असंच म्हणला हुता."