बाक क्रमांक सात

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, "आता रोज थोडं थोडं चालायचं." कुणी, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यामुळे पुढचे आठ महिने आई घरात बसून राहिली आणि मी चाललो. उद्यान विभाग, तिथून स्थापत्य विभाग, तिथून परत उद्यान विभाग.

खरं तर बाग घरासमोरच आहे. पहिल्याच दिवशी मोठ्या उत्साहाने आईला घेऊन गेलो आणि फाटकातच अडकलो. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून तिथे लोखंडी पाइप नागमोडी रोवलेत. मधली फट ५५ सेंटिमीटर, आईचा वॉकर ६२. (हे मी नंतर टेप लावून मोजलं. व्हीलचेअरला तर निदान ९० सेंटिमीटर मोकळी वाट लागते.) कपाट दारातून काढतात तसं आईला जरा तिरकं, जरा पुढे, जरा मागे करत आत घेतलं. तेवढ्यात शेजारून एक मोटारसायकल भुर्रकन गेली. बागेची मागची भिंत पडलीय, त्यांचा रस्ता तिकडून आहे.

आई म्हणाली, "उद्या आपण गाडीवरच येऊ."

आत बाक भरपूर होते, पण बसण्याजोगा शोधावा लागला. एकाची मधली फळी गेलेली, दुसऱ्याला पाठ नाही. तिसरा बरा दिसला म्हणून आईला बसवलं, तर ती बसतच गेली. बाकाची उंची साधारण ४५ सेंटिमीटर असावी लागते. पण आमच्याकडे वाटेवर नवे ब्लॉक बसवताना जुने काढायची पद्धत नाही. वाट वर वर चढत जाते, बाक जिथल्या तिथे राहतो. अजून दोनदा नूतनीकरण झालं की त्यावर नुसती मांडी घालायची.

बसणं एकवेळ जमतं, उठणं महाकठीण. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला उठताना रेटा द्यायला दोन्ही कडांना हात लागतात. या बाकाला हात होता, पण एकच, आणि तो बरोब्बर मधोमध.

"हा कुणासाठी रे?"

"कुणी आडवं होऊ नये म्हणून बसवतात."

"मी झोपायला नाही आले. मला उठायचंय."

मग मी अर्ज लिहिला. विषय: उद्यानातील बाकांची दुरुस्ती व ज्येष्ठ नागरिकांची गैरसोय याबाबत. खिडकीतल्या साहेबांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. ही काही चांगली खूण नसते.

"बाक कुठला?"

"डावीकडचा तिसरा."

"आत जाताना डावीकडचा की बाहेर येताना?"

प्रश्न बिनतोड होता.

"बाकाचा नंबर टाकून आणा, मग पोच देतो."

बाकांना नंबरच नव्हते. त्या रात्री खिडकीला मारून उरलेला पांढरा ऑइलपेंट घेऊन मी बागेत गेलो आणि एक ते चौदा नंबर टाकून आलो. आमचा तिसरा बाक बाहेरून मोजत आल्यामुळे सातवा निघाला. दुसऱ्या दिवशी अर्जात 'बाक क्र. ७' लिहिलं, तर साहेबांचा चेहरा उजळला. "असं पाहिजे. आता फाइल हलेल." शिक्का बसला. त्याच आठवड्यात फाटकावर सूचना लागली की अज्ञात इसमाने उद्यानातील बाकांचे विद्रूपीकरण केले असून तो आढळल्यास कारवाई होईल. ती मी आईला मोठ्याने वाचून दाखवली. "अज्ञात म्हणजे तूच ना?" तिने सबंध वाटेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

महिन्याभराने मोबाईलवर निरोप आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. धावत गेलो. बाकाची उंची तीच, हातही तोच, मधोमध. फक्त त्याला हिरवा रंग दिलेला आणि वर पाटी: 'रंग ओला आहे, बसू नये.' ती पाटी चार महिने होती. रोज सकाळी येणारे एक आजोबा बाकाला बोट लावायचे, कोरडं बोट निरखून बघायचे आणि पाटीचा मान राखून उभेच राहायचे. मी पुन्हा खिडकीवर गेलो. साहेबांनी ताज्या पाहणीचा कागद काढला. माझा नंबर हिरव्या रंगाखाली गेला होता.

"बाक क्रमांक सात? असा बाक त्या उद्यानात नाहीये."

दरम्यान मी रॅम्पचंही लावून धरलं होतं. बागेचा वरचा भाग तीन पायऱ्या वर आहे. एक पायरी १५ सेंटिमीटरची, म्हणजे एकूण चढ ४५. रॅम्पचा उतार १:१२ असावा, असा जगभर रूढ असलेला हिशोब आहे. एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. म्हणजे आम्हाला ५ मीटर ४० सेंटिमीटरचा रॅम्प हवा. आकृती काढून दिली. ठेकेदाराने ती उलटसुलट करून पाहिली आणि दीड मीटरचा बांधला. त्यावरून व्हीलचेअर चढवायची तर मागे दोन पैलवान लागतील आणि उतरवायची तर पुढे चार. पण पोरांना तो बेहद्द आवडला. बागेतली घसरगुंडी वर्षभर मोडून पडली होती, त्यांनी रॅम्पवर रांग लावली. कुणा पालकाने घसरगुंडीची तक्रार केलेली होती म्हणे. तीही निकाली निघाली.

त्या पिवळ्या फरश्यांचं तर सांगूच नये, पण सांगतो. उठावाच्या रेघा असलेली फरशी म्हणजे पुढे चला, ठिपक्यांची म्हणजे थांबा, सावध. सेइइची मियाके नावाच्या जपानी गृहस्थांची ही कल्पना. १९६७ साली ओकायामा शहरात, अंधांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसल्या. आमच्या बागेत त्या पोचल्या, पण त्यांचा अर्थ पोचला नाही. शोभा यावी म्हणून ठेकेदाराने एकाआड एक बसवल्या: चला, थांबा, चला, थांबा. शेवटची, थेट कारंज्याच्या हौदाला टेकलेली फरशी 'चला' अशी आहे.

माझी फाइल आता बेचाळीस पानांची झाली होती आणि मला तिचा अभिमान वाटू लागला होता. वाचून वाचून मी तयार झालो होतो. दर ५० मीटरवर एक बैठक असावी, असं मार्गदर्शिकांत मिळालं, ते मी लाल शाईने अधोरेखित करून जोडलं. शेवटी एकदाची स्थळपाहणी ठरली. कनिष्ठ अभियंता आले. तरुण मुलगा, सहा फूट उंच, घाईत. मी फाइल उघडून पान एकपासून सुरुवात केली. त्याने दोन पानं सहन केली आणि वॉकरला टेकून उभ्या असलेल्या आईकडे वळला.

"आजी, तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

आठ महिन्यांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. त्या कुणीत मीही आलो.

"फाटकापासून साठ पावलांवर बसायला काहीतरी दे बाबा. साठ जमतात मला, एकसष्टावं नाही जमत. दोन्हीकडून हात पाहिजेत. आणि तोंड भिंतीकडे नको, पोरं दिसली पाहिजेत."

माझ्या बेचाळीस पानांत साठ हा आकडा कुठेही नव्हता. अभियंत्याने तळहातावर पेनने लिहिलं: ६०, हात २, पोरं. पंधरा दिवसांत बाक आला! पाठ असलेला, दोन्ही कडांना हात, उंची ४५, तोंड थेट रॅम्पवरच्या घसरगुंडीकडे. फाटकातला एक पाइपही काढला. आम्ही हरखून निघालो. आई मोजत होती. साठ झाली, तरी बाक लांब हिरवा ठिपकाच.

वॉचमनने उलगडा केला. अभियंता साहेब स्वतः येऊन, मोठ्याने मोजत, साठ पावलं चालले होते. त्यांची पावलं.

मी टेप लावला. पंचेचाळीस मीटर. माझ्या लाल शाईच्या मागणीपेक्षा पाच मीटर अलीकडेच. आईच्या पावलांनी दीडशे.

"शब्दाचा पक्का आहे हो पोरगा," आई म्हणाली.

सध्या आम्ही रोज जातो. पुढे वॉकर घेऊन आई, मागे प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन मी. साठाला मी स्टूल टेकवतो, ती बसते, श्वास घेते, रॅम्पवर कुणाची चड्डी फाटली ते बघते आणि माझ्या खांद्याला रेटा देऊन उठते. परवा वॉचमनने हटकलं. "हे स्टूल बागेचं की घरचं? बाहेरचं फर्निचर आत आणायला मनाई आहे."

मी स्टूल उलटं करून दाखवलं. उरलेल्या पांढऱ्या ऑइलपेंटने खाली ठळक ७ काढलाय. त्याने वहीत तपासलं, मान डोलावली आणि आम्हाला सोडलं.